छायाचित्रातील तिसरा पाय

एकोणिसाव्या शतकातील एखादे छायाचित्र तुम्ही कधी नीट न्याहाळून पाहिले आहे काय? पत्त्यापेक्षा थोडे मोठे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, तपकिरी रंगाचे. चित्रात एक गृहस्थ ताठ उभे आहेत. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा कोटाच्या खिशाशी. चेहऱ्यावर हसू नाही. मागे रंगवलेला पडदा आहे. आता त्यांच्या बुटांकडे पाहा. टाचांच्या मागे लोखंडाची एक बैठक किंचित डोकावते आहे. माणसाला पाय दोन. मग हा तिसरा पाय कोणाचा?

युरोप, अमेरिका आणि भारत या तिन्ही ठिकाणच्या जुन्या छायाचित्रांत हा तिसरा पाय सापडतो. त्याच्याविषयी एक भयंकर गोष्टही सांगितली जाते. ती खरी की खोटी हे आपण या लेखाच्या शेवटी ठरवू. परंतु त्यासाठी आधी आपल्याला थोडे रसायनशास्त्र, थोडे प्रकाशशास्त्र आणि थोडे अंकगणित लागेल.

आरशावरची प्रतिमा

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये लुई दागेर या फ्रेंच चित्रकाराची छायाचित्रणाची कृती जाहीर करण्यात आली. तिला त्याच्याच नावावरून दागेरोटाइप म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पातळ थर देऊन तो आरशासारखा चकचकीत घासायचा. मग तो आयोडिनाच्या वाफेवर धरायचा. चांदी व आयोडीन यांच्या संयोगाने सिल्व्हर आयोडाइड तयार होते. हा पदार्थ प्रकाशाने बदलतो. असा पत्रा कॅमेऱ्यात ठेवून त्यावर भिंगाने प्रतिमा पाडली, की जेथे उजेड पडला तेथे बदल होतो, जेथे सावली पडली तेथे होत नाही.

मात्र हा बदल डोळ्यांना दिसत नाही. पत्रा कॅमेऱ्यातून काढला तर तो कोराच वाटतो. या लपलेल्या प्रतिमेला सुप्त प्रतिमा म्हणतात. ती दिसू लागावी म्हणून पत्रा तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर धरीत. उजेड पडलेल्या जागी पारा चांदीशी मिसळून अतिसूक्ष्म पांढुरके कण तयार होत आणि चित्र उमटे. शेवटी उरलेले सिल्व्हर आयोडाइड धुऊन टाकावे लागे, नाहीतर उजेडात सगळा पत्रा काळवंडे. हे काम उत्तम करणारे द्रव्य हायपो होय. ते चांदीची संयुगे विरघळवते हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ सालीच दाखवून दिले होते. म्हणजे छायाचित्रण जन्मण्याच्या वीस वर्षे आधी त्याची एक किल्ली तयार होऊन पडली होती!

दागेरोटाइपमध्ये तपशील इतका बारीक असे की भिंगाखाली धरल्यास कापडाची वीणही दिसे. पण प्रतिमेचे कण पत्र्यावर नुसते बसलेले असत. बोटाने पुसले की चित्र गेलेच. म्हणून त्यावर काच बसवून ते मखमलीचे अस्तर लावलेल्या छोट्या पेटीत ठेवीत. ही पेटी लोक खिशात, उशाशी, प्रवासाच्या सामानात बाळगीत. आठवणीचे छायाचित्र म्हणून जी वस्तू आपण ओळखतो, तिची सुरुवात ही अशी झाली.

बसायचे तरी किती वेळ?

दागेरच्या पहिल्या कॅमेऱ्यात चित्र उमटायला उन्हातही कित्येक मिनिटे लागत. इमारत तितका वेळ स्थिर राहते. माणूस राहात नाही. तरी १८३९ सालीच फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस याने स्वतःचे छायाचित्र काढले. त्याच्या घराण्याचा दिव्यांचा कारखाना होता, आणि चांदीचा मुलामा देण्याच्या कामात तो तरबेज होता. चांगल्या पत्र्यासाठी नेमके हेच कसब हवे होते.

वेळ कमी करण्याचे दोन उपाय निघाले. पहिला रसायनशास्त्राचा: आयोडिनाच्या जोडीला ब्रोमिनाची वाफ दिली की पत्रा पुष्कळच संवेदनशील होतो. दुसरा उपाय प्रकाशशास्त्राचा. दागेरच्या कॅमेऱ्यात भिंगाची उघडी वाट त्याच्या नाभीय अंतराच्या सुमारे सोळावा भाग एवढीच होती. १८४० साली व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी खास माणसांच्या छायाचित्रांसाठी नवे भिंग गणिताने रचले. त्याची वाट नाभीय अंतराच्या ३.६ व्या भागाएवढी मोठी होती. आता हिशेब करा. १६ ला ३.६ ने भागले की सुमारे ४.४ येतात. म्हणजे वाटेचा व्यास ४.४ पट झाला. उजेड क्षेत्रफळावर अवलंबून असतो, म्हणून ४.४ चा वर्ग करू. उत्तर सुमारे २० येते. पूर्वी जेथे १० मिनिटे लागत तेथे आता अर्धे मिनिट पुरू लागले.

छायाचित्रे काढून देण्याचा धंदा आता शक्य झाला. मार्च १८४१ मध्ये रिचर्ड बिअर्ड याने लंडनमध्ये स्टुडिओ उघडला. अशा स्टुडिओंना काचेचे छप्पर असे आणि ते शक्यतो वरच्या मजल्यावर असत. विजेचे दिवे नव्हते; सूर्य हाच दिवा. काचा बहुधा उत्तरेकडे ठेवीत. युरोपात सूर्य दक्षिणेच्या बाजूने जातो, त्यामुळे उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, सौम्य आणि एकसारखा उजेड मिळतो.

परंतु अर्धे मिनिट, किंवा पुढे आले तसे पाचदहा सेकंदही, निश्चल राहणे किती अवघड असते? पुन्हा हिशेबाकडे वळू. समजा, १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस चित्रात ७.५ सेंटिमीटर उंच दिसतो. म्हणजे चित्र २२ पटींनी लहान आहे. उभा माणूस नकळत डोलतो. त्याचे डोके केवळ १ सेंटिमीटर हलले, तर चित्रात ते १० भागिले २२, म्हणजे सुमारे ०.४५ मिलिमीटर सरकेल. चित्र हातभर अंतरावर, सुमारे ३० सेंटिमीटरवर धरले असता आपला डोळा जवळजवळ ०.१ मिलिमीटरचा फरक ओळखतो. म्हणजे चेहरा धूसर झालेला स्पष्ट दिसणार. चित्र रेखीव यायचे तर डोके साधारण २ मिलिमीटरच्या आत स्थिर राहिले पाहिजे.

हे काम इच्छाशक्तीने होत नाही. म्हणून छायाचित्रकार एक टेकू वापरीत. जड लोखंडी बैठक, तिच्यातून वर गेलेली दांडी, आणि दांडीच्या टोकाला मानेच्या मागे हलकेच टेकणारी दोन बोटांची कमान. काही टेकूंना कमरेसाठी दुसरा आधारही असे. समोरून तो दिसू नये अशी खबरदारी घेत, पण बैठक कधीकधी टाचांमागून डोकावे. आपला तिसरा पाय तो हाच!

लोक हसत का नसत, याचेही अर्धे उत्तर येथे आहे. हसू दहा सेकंद टिकवून पाहा, ते हसू राहात नाही. उरलेले अर्धे उत्तर रिवाजात आहे. स्वतःचे चित्र काढवून घेणे हा गंभीर प्रसंग मानला जाई, आणि रंगवलेल्या व्यक्तिचित्रांतही लोक क्वचितच हसत. पुढे वेळ दोनतीन सेकंदांवर आला तरी चेहरे लगेच हसरे झाले नाहीत, यावरून रिवाजाचा जोर किती होता ते कळते.

ओल्या काचेची घाई

दागेरोटाइपचा मोठा दोष म्हणजे त्याची प्रत निघत नसे. एक बैठक, एक चित्र. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट याने कागदावर निगेटिव्ह करून तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढण्याची रीत १८४१ साली दिली. पण कागदाचे धागे प्रतीत उतरत आणि चित्र थोडे खरबरीत दिसे. कागदाऐवजी काच वापरली तर? मात्र काचेवर चांदीची संयुगे चिकटवून ठेवणारे काहीतरी हवे.

ते १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने सुचवले. कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. ते ईथर व अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवले की कलोडियन नावाचा चिकट, पारदर्शक द्रव तयार होतो. आर्चरची कृती अशी होती:

१. कलोडियनमध्ये आयोडाइड मिसळून ते स्वच्छ काचेवर ओतायचे आणि काच तिरपी करीत सर्वत्र सारखे पसरायचे. (पुढे त्यात ब्रोमाइडही घालू लागले.)

२. अंधाऱ्या खोलीत काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. थरात सिल्व्हर आयोडाइड तयार होते.

३. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात ठेवून चित्र घ्यायचे.

४. ती ओली असतानाच अंधाऱ्या खोलीत परत नेऊन तिच्यावर फेरस सल्फेटचे द्रावण ओतायचे. उजेड पडलेल्या जागी धातुरूप चांदी साचते.

५. पाण्याने धुऊन हायपोने किंवा पोटॅशियम सायनाइडने उरलेली संयुगे काढायची. मग वाळवून वर व्हार्निश द्यायचे.

ओली असतानाच, हे दोनदा का म्हटले? थर वाळला की त्यात रसायने नीट शिरत नाहीत आणि सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक बनू लागतात. सारे काम दहा मिनिटांच्या आसपास उरकावे लागे. उष्ण हवेत तर आणखी घाई, कारण ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात या मंडळींची काय त्रेधा उडत असेल याची कल्पना करा! सिल्व्हर नायट्रेटने त्यांची बोटे काळी पडत आणि ते डाग काही दिवस जात नसत. सायनाइड तर जहाल विष. या धंद्यात धोका खरोखरीचा होता.

आर्चरने आपल्या शोधाचे एकस्व घेतले नाही. कृती सर्वांसाठी खुली ठेवली. लाखो लोकांची छायाचित्रे निघाली. आर्चर मात्र १८५७ साली गरिबीतच वारला.

काळ्या पाठीचा चमत्कार

कलोडियनच्या निगेटिव्हमध्ये एक गंमत आहे. तिच्यातील चांदीचा थर उजेडासमोर धरला तर काळा दिसतो, कारण तो प्रकाश अडवतो. पण तीच काच काळ्या कापडावर ठेवा. आता चांदी समोरून पडणारा प्रकाश परतवते आणि फिकट दिसते. जेथे चांदी नाही तेथून मागचे काळे कापड दिसते. निगेटिव्हचे पॉझिटिव्ह झाले! मुद्दाम फिकट काढलेल्या काचेमागे काळा रंग देऊन जे चित्र बनवीत, त्याला अँब्रोटाइप म्हणत. काचेऐवजी काळे रोगण दिलेला लोखंडी पत्रा वापरला की झाला टिनटाइप. अमेरिकेत त्याचे एकस्व १८५६ साली घेतले गेले. नावात टिन असले तरी त्यात कथील नसते. चुंबक लावून खात्री करून घेता येते.

टिनटाइप स्वस्त, न फुटणारा आणि काही मिनिटांत हाती पडणारा. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धात सैनिक स्वतःचा टिनटाइप काढून टपालाने घरी धाडीत आणि घरच्यांचा खिशात बाळगीत. पुष्कळ घरांत परत न आलेल्या मुलाची तेवढीच खूण राहिली.

दागेरोटाइप आणि टिनटाइप या दोहोंत प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी असते, कारण कॅमेऱ्यात जो पत्रा होता तोच आपल्या हाती येतो. उजवा हात डावा दिसतो. अमेरिकेतील प्रसिद्ध बंदूकबाज बिली द किड हा डावखुरा होता असे लोक पुष्कळ वर्षे मानीत, कारण त्याच्या टिनटाइपमध्ये पिस्तूल डाव्या कमरेला दिसते. त्याच चित्रात त्याच्या रायफलीची काडतुसे भरण्याची फट डाव्या अंगाला दिसते. त्या जातीच्या रायफलीला ती उजव्या अंगालाच असे. म्हणजे चित्र उलटे आहे. एका बारीक तपशिलाने एक दंतकथा निकालात निघाली.

अंड्याचा पांढरा आणि आठ चित्रांची काच

काचेच्या निगेटिव्हवरून प्रती काढायला लागे अल्ब्युमेनचा कागद. अल्ब्युमेन म्हणजे अंड्यातील पांढरा भाग. तो मिठासारख्या क्लोराइडसह फेटून कागदावर त्याचा थर देत. नंतर कागद सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवला की थरात सिल्व्हर क्लोराइड तयार होई. निगेटिव्हखाली हा कागद दाबून उन्हात ठेवीत आणि चित्र डोळ्यांदेखत उमटे. मग सोन्याच्या क्षाराने त्याला जांभळट तपकिरी छटा देत आणि हायपोने ते पक्के करीत. ही रीत फ्रान्समधील ब्लांकार एव्हरार याने १८५० साली दिली. पुढे मागणी इतकी वाढली की कागदाच्या मोठ्या कारखान्यांत दररोज हजारो अंडी फुटू लागली.

तरी खर्च बराच होता. त्यावर पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी याने १८५४ साली तोड काढली. चार भिंगांचा कॅमेरा आणि सरकती काच वापरून एकाच काचेवर आठ छोटी चित्रे घ्यायची. मग एकच काच धुवायची, एकच कागद छापायचा आणि कात्रीने आठ तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा सुमारे ६.४ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच पुठ्ठ्यावर चिकटवायचा. त्या काळी कोणाच्या घरी गेल्यावर नावाचे छोटे कार्ड देण्याची पद्धत होती. त्या कार्डाच्या आकाराचे म्हणून या चित्राला फ्रेंचमध्ये कार्त द व्हिझित, म्हणजे भेटीचे कार्ड, असे नाव पडले. १८६० नंतर युरोप व अमेरिकेत त्याचे अक्षरशः वेड लागले. नातलगांची, मित्रांची, राजाराण्यांची कार्डे लोक जमवू लागले आणि ती खोचून ठेवण्यासाठी अल्बम निघाले. घरोघरचा अल्बम या कार्डापायी जन्मला.

हे केवळ हौसेचे साधन नव्हते. गुलामगिरीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रूथ या अमेरिकन स्त्रीने स्वतःची अशी कार्डे विकून आपल्या चळवळीचा आणि पोटाचा खर्च भागवला. गुलाम म्हणून जन्मलेले फ्रेडरिक डग्लस यांची सुमारे १६० वेगवेगळी छायाचित्रे ज्ञात आहेत. काळ्या लोकांची विकृत हास्यचित्रे सर्रास छापली जात असताना, कॅमेऱ्यासमोर ताठ मानेने बसणे हाही एक प्रतिवाद होता, हे त्यांनी ओळखले होते.

कुंकू काळे का दिसते?

आता आपल्याकडचे एखादे जुने छायाचित्र घ्या. स्त्रीच्या कपाळावरचे कुंकू काळे दिसते. लाल पागोटे काळे दिसते. सोन्याचे दागिने आणि जरीचा काठ अपेक्षेपेक्षा गडद दिसतो. उलट आकाश नेहमी पांढरे!

कारण असे. चांदीची ही संयुगे जांभळ्या, निळ्या व अदृश्य अतिनील प्रकाशालाच भरपूर प्रतिसाद देतात. पिवळ्याला फार थोडा, आणि लाल प्रकाशाला जवळजवळ नाहीच. त्यांच्या दृष्टीने लाल वस्तू म्हणजे अंधार, आणि निळे आकाश म्हणजे लख्ख उजेड. (म्हणूनच तर अंधाऱ्या खोलीत पिवळा किंवा लाल दिवा चाले.) १८७३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांना आढळले की थरात विशिष्ट रंजकद्रव्ये मिसळली तर तो हिरव्यापिवळ्या प्रकाशालाही संवेदनशील होतो. त्यानंतर हळूहळू हा दोष सुधारत गेला.

या दोषाचा परिणाम डोळ्यांवरही होई. निळ्या डोळ्यांची बुबुळे इतकी फिकट येत की डोळे पांढरे, निर्जीव वाटत. मग छायाचित्रकार बाहुल्या हाताने रंगवीत. हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

मुंबईतील आरंभ

ही कला भारतात फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. म्हणजे आर्चरची कृती प्रसिद्ध होऊन चार वर्षे होतात न होतात तोच मुंबईचे विद्यार्थी ती विद्या हस्तगत करू लागले होते.

पुढच्या पिढीतील सर्वांत नामांकित नाव राजा दीनदयाळ यांचे. रुरकीला स्थापत्याचे शिक्षण घेतलेल्या दीनदयाळांनी इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६ साली मुंबई येथे स्टुडिओ उघडले. पडद्यातील स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तेथे छायाचित्रे घेणारीही स्त्रीच होती.

एक भयंकर गोष्ट आणि तिची परीक्षा

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. लोखंडी टेकूविषयी सांगितली जाणारी गोष्ट अशी: "त्या काळचे लोक मेलेल्या माणसाला टेकूच्या आधाराने उभे करून त्याचे छायाचित्र काढीत. तेव्हा ज्या चित्रात टेकू दिसतो, तो माणूस मृत समजावा." ही गोष्ट आजही पुष्कळांना खरी वाटते. आपण ती पुराव्यावर घासून पाहू.

पहिला मुद्दा बलाचा. उभे राहताना आपले गुडघे, कंबर आणि मान स्नायूंच्या सततच्या ताणाने सरळ राहतात. मृत शरीरात हा ताण नसतो. साठ किलोग्रॅमचे शरीर कोसळू लागले तर मानेशी टेकलेली कमान आणि एक दांडी त्याला कशी पेलणार? मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठरते खरे, पण ती अवस्था एकदोन दिवसांत जाते, आणि ताठर शरीरही स्वतःचा तोल सांभाळू शकत नाही. टेकूचे काम भार पेलण्याचे नव्हतेच. दोन मिलिमीटरहून अधिक डोलू न देण्याचे होते. आणि डोलतो कोण? जिवंत माणूस! म्हणजे टेकू दिसला, तर तो माणूस जिवंत असल्याचीच खूण मानली पाहिजे.

दुसरा मुद्दा डोळ्यांचा. "डोळे रंगवलेले आहेत, म्हणजे माणूस मृत." हे अनुमानही फसवे आहे. डोळे का रंगवीत ते आपण आताच पाहिले.

तिसरा मुद्दा रेखीवपणाचा. चित्रात एखादी व्यक्ती धूसर आली असेल, तर ती हलली हे सिद्ध होते. पण एखादी व्यक्ती रेखीव आली म्हणून ती मृत ठरत नाही. ती केवळ स्थिर बसली असेल. "हलला तर धूसर" यावरून "धूसर नाही म्हणजे निर्जीव" असे अनुमान काढणे ही तर्काची चूक आहे. ही चूक आपण इतर विषयांतही किती वेळा करतो, याचा विचार करा.

मृत व्यक्तींची छायाचित्रे तेव्हा काढीतच नसत, असे मात्र समजू नका. काढीत असत. बालमृत्यूचे प्रमाण फार मोठे होते आणि पुष्कळ मुलांचे जिवंतपणी एकही छायाचित्र निघालेले नसे. अशी चित्रे बहुतेक वेळा अंथरुणावर, पाळण्यात किंवा आईच्या मांडीवर झोपल्यासारखी घेतलेली असत. त्यांत लपवाछपवी नव्हती आणि भयंकरही काही नव्हते. एका आईला आपल्या मुलाचा चेहरा विसरायचा नव्हता, एवढेच. खोटी दंतकथा निकालात काढायची ती या खऱ्या दुःखाची टिंगल होऊ नये म्हणूनही.

नाव लिहून ठेवा

१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटीन वापरून कोरड्या काचेची रीत सुचवली. १८७८ सालापर्यंत ती इतकी सुधारली की चांगल्या उजेडात क्षणार्धात चित्र निघू लागले. टेकू हळूहळू कोपऱ्यात गेला.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन परदेशी विद्यार्थिनींचे एकत्र छायाचित्र निघाले: भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या तबात इस्लाम्बूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. ते छायाचित्र राहिले. त्याखाली तिघींची नावे आणि देश लिहिलेले होते, म्हणून आज आपण त्यांना ओळखतो. नावे नसती, तर त्या तीन अनोळखी स्त्रिया झाल्या असत्या.

तुमच्या घरातील जुन्या छायाचित्रांचे काय? ती पिवळी पडत असतील, तर त्यामागे बहुधा नीट न धुतला गेलेला हायपो असतो. त्यातील गंधकाने चांदीचे सल्फाइड बनते. ओल आणि ऊन यांनी हे काम जलद होते. म्हणून चित्रे कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा, कडांनी धरा, चिकटपट्टी लावू नका, आणि आरशासारखा चकाकणारा पत्रा असेल तर तो कधीही पुसू नका. पण रसायनाहून मोठा शत्रू विस्मरण हा आहे. आजच आजीआजोबांजवळ बसा, प्रत्येक चित्रातील माणसे कोण ते विचारा, आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहून ठेवा. हे काम पुढच्या सुट्टीपर्यंत लांबवू नका.

करून पाहा

१. मित्राला भिंतीजवळ उभे करून दिव्याने त्याची सावली कागदावर पाडा. वीस सेकंदांत नाकाच्या टोकाची सावली किती सरकते ते पट्टीने मोजा. मग त्याचे डोके भिंतीला टेकवून तोच प्रयोग पुन्हा करा.

२. काचेच्या तुकड्यावर पावडर भुरभुरवून तिच्यात बोटाने चेहरा काढा. काच आधी खिडकीसमोर धरा, नंतर काळ्या कापडावर ठेवा. काय बदलते? (काचेच्या कडा धारदार असतात, त्यांवर आधी चिकटपट्टी लावा.)

३. कुंकू, हळद, पांढरा कागद व निळी शाई निळ्या जिलेटीन कागदातून पाहा. कोणती वस्तू सर्वांत गडद दिसते?

विचार करा

१. भिंगाच्या वाटेचा व्यास नाभीय अंतराच्या आठव्या भागाएवढा असेल, तर दागेरच्या भिंगाच्या तुलनेत वेळ किती पट कमी लागेल?

२. एका टिनटाइपमध्ये गृहस्थांच्या कोटाची बटणे डाव्या बाजूला दिसतात. ती खरोखर कोणत्या बाजूला असतील?

३. एका छायाचित्रात आई धूसर आणि मांडीवरचे मूल रेखीव आले आहे. यावरून कोणते अनुमान निश्चितपणे काढता येते आणि कोणते येत नाही?